दातात धरलेला वाक

विडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम आमच्याकडे उन्हाळ्यात जेमतेम दोन आठवड्यांचा. तोडलेलं पान त्याच दिवशी बांधावं लागतं, नाहीतर वाळून तडकतं. म्हणून तापाच्या साथीच्या त्या उन्हाळ्यातही दुपारी आई आणि शेजारची काकू आमच्या मांडवाखाली पुडे बांधायला बसत. काकूची बोटं संधिवाताने आखडलेली. पानं ती जुळवायची, गाठ आई मारायची. सालीच्या वाकाचं एक टोक दातात धरून आई असा हिसका द्यायची की पुडा सुटणं शक्य नव्हतं.

"दात सांभाळ वं," काकू म्हणायची. "पडले त माहे पुडे कोन बांधीन? तुहा नवरा?"

एके दिवशी आईला ताप होता. मी तिला पडून राहा म्हटलं. "पान थांबत नाई," एवढंच बोलून तिने काकूचेही पुडे बांधले.

काही दिवसांनी काकूचा नवरा तापाने फणफणला आणि तालुक्याच्या दवाखान्यातच वारला. त्याआधी तो बाजारात जाऊन आला होता, एका लग्नातही. पण बोअरिंगवर सगळ्या बायांसमोर काकू आईला म्हणाली, "तुह्या दातातूनच आला तो ताप माह्या घरी."

आई पाण्याने भरलेली गुंडी तिथेच ठेवून परतली.

कोणाचा ताप कोणाला लागला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. गावाला मात्र ते एक वाक्य पुरलं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक बाई सकाळी दारोदार हाक देत बायांना शेतातल्या बांधीवर नेते. त्या पावसाळ्यात हाक आमचं घर ओलांडून गेली. आई लुगडं खोचून उंबऱ्यात बसलेली होती. पुढच्या वर्षीही तसंच झालं, तेव्हा ती न बोलावता गेली. बायांनी सरकून तिला कडेला जागा दिली, पण मधे अंतर सोडून. त्या दिवशी ओळीत कुणी गाणं म्हटलं नाही. घरी येऊन पायांचा चिखल धूत ती म्हणाली, "आता नाई जात मी." आणि पुन्हा कधी गेली नाही.

या हिवाळ्यात आई वारली. काकू आली, आईच्या पायांशी बसली. मला म्हणाली, "मले कोनावर तरी राग धराचाच होता, पोरी. देवावर धरून काय भेटते? तुही माय जवळची होती."

हे ऐकायला आई हवी होती, एवढंच मला वाटलं.

मग बाया आईला आंघोळ घालायला उठल्या. काकूने पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातात घेतला. मी तिला अडवलं नाही.