वकीलबाईले वावर नको होतं

बायांनो, रातभर डोळ्याले डोळा नाई लागला. वकील माह्या पोरीचं अर्धं वावर, कापसाचं शेत, घेईन, हेच भेव.

नवरा गेल्यावर दीर त्याच्या हिश्श्याचं वावर देऊन नाई राहिले. इंग्रजाच्या काळात कापसाले सोन्याचा भाव आला होता, तवा त्याईच्या खापरपणज्यानं घेतलेलं. शेजारची मावशी म्हणे, "वकिलाले सारी फी एकदम द्या लागते, नाईतर केस जिंकल्यावर तो अर्धं वावर घेते."

आज अकोल्याले वकीलबाईपुढं बसली आन् रडतच म्हणलं, "मॅडम, नाल्याकडचं तुमी घ्या, विहिरीकडचं पोरीले ठेवा."

बाई हासल्या. "वावरात हिस्सा घेतला तं माही वकिलीची सनद जाईन ना वं! फी आताच ठरवू. तारखेतारखेले थोडी थोडी दे, आन् पावती मागत जाय."

लई हलकं वाटून राहिलं. येतानी पोरीसंग रसवंतीत बसून रस पेली.

पण माहा भाऊ मावशीचं ऐकून सार्‍या फीसाठी भाजीचा ऑटो विकाले मूर्तिजापूरले गेला. मी नको म्हणीन म्हणून माहा फोन उचलत नाई. जिच्याजवळ त्याचा नंबर असन, तिनं आताच फोन लावा. म्हणा, ऑटो घेऊन घरी ये.