पत्ता विकणाऱ्याचा दंड

नव्वदच्या दशकात पलूसकडच्या आमच्या गावात सगळ्यांच्या उपयोगाचा फोन एकच होता, आणि तो किराणा दुकानात, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांशेजारी ठेवलेला असायचा. फोन आला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठनं बोलतायसा?" गाव सांगितल्याशिवाय तो माणसाला बोलावायचाच नाही. मग दारात येऊन गल्लीभर ओरडायचा, "आवं काकू, फोन आलाय! पुण्यास्नं!" काकू पदर सावरत धावत यायच्या, समोरचा माणूस थोड्या वेळानं परत फोन लावायचा आणि बोलणं व्हायचं. तोवर काकूंचं कोण कुठं आहे ते अख्ख्या गावाला कळलेलं असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

माझी धाकटी बहीण तासगावकडे दिली होती. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, दारात ट्रॅक्टर. स्थळ बघून गावातल्या बायका जळल्या होत्या. नवरा तिला मारायचा. नातेवाईक बसवून, समजूत घालून, पाया पडून सगळं झालं. शेवटी तिचं डोकं फुटलं तेव्हा मी आष्ट्याहून, माझ्या सासरहून गेले आणि तिला तिथून उचललं. साताऱ्यात माझ्या ओळखीच्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांच्या मागच्या खोलीत तिला ठेवलं. शाळेचे गणवेश शिवायच्या एका कारखान्यात ती मशिनवर बसायला लागली. "जिथं घावंल तिथं हात मोडीन," असा निरोप नवऱ्यानं पाठवला होता, म्हणून ती कुठं आहे हे फक्त मला आणि आईला माहीत होतं. दुकानात फोन करताना तिनं "मुंबईस्नं" म्हणायचं, असं आम्ही ठरवलं होतं. दुकानदार तसंच ओरडायचा.

आमच्याकडच्या बायका खुशाली विचारतात ती पाण्यावरून. लेक सुखात आहे की नाही हे नवऱ्यावरून नाही, हंड्यावरून कळतं. आईनं एकदा फोनवर विचारलं, "पाणी कसं हाय गं? लांबनं आणावं लागतंय का?" आणि माझी बहीण खुशीत म्हणाली, "न्हाई आई, दारात नळ हाय. कासचं पाणी. लय ग्वाड." आईनं ते मला कौतुकानं सांगितलं. पोरगी हंडा वाहत नाही म्हणून मलाही बरंच वाटलं; कासच्या तळ्याचं पाणी साताऱ्यालाच जातं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा साताऱ्यात शोधत शोधत कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा होता. भर दुपारी, सगळ्यांदेखत त्यानं तिचा उजवा हात पिरगाळून मनगट मोडलं. मोडताना म्हणाला, "कासचं पाणी लय ग्वाड लागतंय व्हय?"

दवाखान्यात तिनं मला हे वाक्य सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते शब्द ती एकदाच बोलली होती, आईशी, त्या फोनवर. आईनं माझ्याशिवाय कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. मी तशीच एस.टी.त बसले आणि गावात उतरल्यावर घरून आईला घेऊन सरळ दुकानात शिरले. फोनची तार हातात धरून, ती जाईल तशी आत गेले. पडद्यामागं कॉटवर दुसरा फोन होता.

"ह्यो काय, आण्णा?" मी विचारलं.

"पॅरलल हाय. आत आराम करताना उठाय लागू ने म्हून." त्याच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता.

"तुमी आमचं बोलणं ऐकत होता. आन् तिचा ठावठिकाणा त्याला सांगितला."

"मग? नवऱ्याला त्याची बायकू कुठं हाय त्ये सांगितलं. चोराला न्हाई सांगितलं. गावचा जावई दारात यून इचारतोय, न्हाई कसं म्हनायचं?"

फळीखाली बेदाण्याची पेटी होती, अर्धी रिकामी. चांगला हिरवा, लांब दाण्याचा माल. या माणसाच्या सात पिढ्यांत कुणी द्राक्षाची काडी लावली नव्हती. मी नुसतं पेटीकडे बघितलं तर म्हणाला, "जावयानं पिरमानं दिली."

आईनं वाकून त्यातला एक बेदाणा उचलून बघितला. त्याच्या बायकोनं वाटीभर बेदाणे आमच्याकडंही पाठवले होते. "त्येची म्या खीर केली गं," आई म्हणाली. त्या दिवशी त्याचं डोकं मी वजनाच्या मापानं का फोडलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

नवऱ्यावर केस झाली आणि ती तारखा खात बसली. मला हा दुसराही हवा होता. सांगलीला टेलिफोनच्या कचेरीत गेले. साहेब भला माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, बोलणं ऐकून पत्ता विकला, हे तुम्ही सिद्ध कसं करणार? परवानगीशिवाय पॅरलल जोडला, त्याचा दंड करता येईल." तसा दंड झाला. कचेरीचा माणूस येऊन आतल्या फोनची तार कापून गेला. दुकानदारानं दंड भरला आणि पारावर बसून हसत सांगितलं, "दंडात पेटीचं मोलबी पुरतं गेलं न्हाई गड्या." तार परत जोडायला त्याला कितीसा वेळ लागणार होता! माझ्या बहिणीच्या मनगटाची सरकारदरबारी किंमत झाली ती एवढी. मी जळत होते, आणि ते जळणं विझावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम माहेरी आले. आईचं घर बायकांनी भरलं. तिळगूळ वाटून झाल्यावर मी पडद्यामागचा फोन सांगितला, कासचं पाणी सांगितलं, पेटी सांगितली. बायका हळहळल्या. हळहळ मला नको होती.

"माझ्या बहिणीचं ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "त्या फोनवर तुमी आजवर कुणाशी काय काय बोललाय, तेवढं आठवा."

शेजारच्या वहिनींचा हात वाणाच्या वाटीवर तसाच राहिला. एकीनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि घर गाठलं. कोण काय बोललं होतं हे मी विचारलं नाही. प्रत्येकीला स्वतःचं पुरेसं होतं.

त्यानंतर फोन वाजायचा आणि दुकानदार दारात येऊन ओरडायचा, "आवं काकू, फोन आलाय! पुण्यास्नं!" कुणाचं दार उघडायचं नाही. तो पुन्हा ओरडायचा. गल्लीत बायका बसलेल्या असायच्या, तांदूळ निवडत. मान वर होत नसे. तिथं बोलणार नाही, असं जिनं-तिनं आपल्या माणसाला आधीच कळवलेलं असायचं, आणि बोलायचं असेल ती एस.टी. धरून पलूसच्या फोन बूथवर जायची. माझी आईसुद्धा गुडघे धरत जायची. बहीण आता वेगळ्या गावी राहत होती. कुठल्या, ते मी इथंही लिहिणार नाही.

दुकानदाराचा आवाज बसत गेला. मीठ-मिरची न्यायलाही लोक दुसऱ्या दुकानी जायला लागले. एकदा त्यानं निरोप धाडला, झालं गेलं गंगेला मिळालं, आता पोरीनं राग सोडावा. बहिणीचं हाड वाकडं जुळलं होतं. तिच्या हातात कात्री धरवत नव्हती. "तिचा हात सरळ झाला की सोडते," असा मी उलट निरोप दिला.

त्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी पलूसच्या बूथवर गेले होते. आईचं बोलणं झालं, माझा नंबर आला, आणि मागं वळून बघितलं तर रांगेत दुकानदाराची बायको उभी. घरात फोन असलेली बाई उन्हातान्हात एस.टी.नं आली होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"आईशी बोलायचंय," ती खालमानेनं म्हणाली. "घरातनं नको वाटतंय."

सरकारला जमला नव्हता तो दंड मला तिथं वसूल झालेला दिसला, आणि खोटं कशाला बोलू, माझा जीव थंड झाला. मी तिला माझ्या आधी आत जाऊ दिलं. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून आईचा हात धरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तिचं बोलणं आम्हाला ऐकायचं नव्हतं.