आत्याच्या वाफ्यातली गाजरं

गाजराला पेशंट समजणारी बाई अख्ख्या शेवगाव तालुक्यात एकच, ती माझी आत्या. उभी हयात दवाखान्यात नर्स म्हणून गेली, आणि निवृत्त झाली त्याच आठवड्यात ती घरामागच्या वाफ्यांवर रुजू झाली. पिकाची वाढ करणारं संजीवक आधी स्पिरिटात विरघळवावं लागतं, हे शेतीच्या औषधांच्या दुकानदाराकडून कळल्यावर तिचा चेहरा खुलला. "म्हणजे हे आपल्याच खात्यातलं हाय की रे," ती मला म्हणाली. मग सिरिंजनं मोजून औषध, प्रत्येक वाफ्याला तक्ता, तक्त्यावर पाल्याची रोजची उंची. भल्या सकाळी मला नगरला फोन यायचा, "पाला दोन बोटं वाढला. तू येतो का न्हाई?" मी मिळेल ती एसटी धरायचो.

चर्चमधल्या कापणीच्या सणाला टोपलीभर गाजरं देणार, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. पाला मांडीला लागला तेव्हा तिनं शेजारणींना बोलावलं आणि ऐटीत पहिलं गाजर उपटलं. निघालं करंगळीएवढं. "सिस्टर, पाल्याचीच भाजी करा आता," एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. "पेशंटची चूक न्हाई. औषध माझंच चुकलं," एवढंच बोलून ती तडक दुकानात गेली. तिथं कळलं, की तिच्या संजीवकामुळं सगळा जोर पाल्यात गेला होता. पाला पुरेसा झाला की त्याची वाढ आवरून जोर खाली गाजरात उतरवायचा, त्याचं औषध वेगळंच असतं.

मागाहून पेरलेले दोन वाफे अजून हाताशी होते. तिनं एकाला ते नवं औषध दिलं, दुसऱ्याला नुसतं पाणी. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खणायला बसलो. पाण्याच्या वाफ्यातली गाजरं बेताची निघाली. औषधाच्या वाफ्यात मी खुरपं घातलं आणि मनगटाएवढं लालबुंद गाजर वर आलं. मग दुसरं, मग तिसरं. आत्या चिखलात फतकल मारून बसली, प्रत्येक गाजर दोन्ही हातांत धरून बघत होती आणि लहान मुलीसारखी हसत होती.

टोपली भरल्यावर तिनं हात पदराला पुसले. "दवाखान्यातून किती जण बरे होऊन घरी गेले," ती म्हणाली. "पुढं कसे राहिले, कोन सांगायला आलं न्हाई. हे तेवढं शेवटपर्यंत बघायला मिळालं."

मी एक गाजर धुतलं, मोडून अर्धं तिच्या हातात दिलं, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच खात बसलो.