आक्कांना वाचून दाखवलेलं

हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही — यांनाही नाही, आणि आक्का तर यांची सख्खी बहीण. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही आक्कांना कधी पाहिलं नाही, म्हणून असेल.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. गंगापूरच्या शाळेत बाई होत्या, उभा जन्म पोरांकडून पाढे पाठ करून घेण्यात गेला. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आणि त्याच वर्षीच्या दुष्काळात घरची विहीर आटली, तेव्हा हे त्यांना शहरात, गारखेड्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. मला विचारलं नाही. मीही काही बोलले नाही — बोलले असते तर निदान तोंडावर भांडण झालं असतं.

रोज दुपारी चारला मी त्यांना वाचून दाखवायचे. वाचनालयातून पुस्तक आणायचं, तासभर वाचायचं. झालं की आक्का पुस्तक मागून घ्यायच्या आणि खुणेच्या पुढची पानं चिमटीत धरून जोखायच्या. "बोटभर राह्यलं, मीना. चार दिस पुरंल." कधी चुकायच्या नाहीत. मी मधली दोन पानं गाळली तरी त्यांच्या चिमटीला कळायचं.

मग लेकानं पुण्याहून ते वाचायचं यंत्र पाठवलं. उन्हातल्या खेपा वाचल्या, अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, वहीएवढ्या जागेत शेकडो पुस्तकं. मी हरखून गेले. रोजचं सगळं वाचन त्यावरच करायला लागले. आक्कांनी ते हातात घेतलं, पुढून-मागून चाचपलं. ही तर पाटी हाय, म्हणाल्या, हिच्यात किती राह्यलं ते कसं कळावं? मी म्हटलं, खाली कोपऱ्यात किती टक्के झालं त्याचा आकडा येतो, मी सांगत जाईन.

तो आकडा फक्त मला दिसायचा — कळतंय ना तुम्हाला?

पहिल्यांदा नुसता कंटाळा होता. साठ टक्क्यांवर मी 'संपलं' म्हटलं आणि पदरचा शेवट जोडून दिला. आक्का एवढंच म्हणाल्या की लवकर आटोपलं. पण मग मला चटकच लागली. ज्या माणसात आक्कांचा जीव गुंतायचा, त्याला मी मारून टाकायचे. एका कादंबरीत सुमन नावाची नर्स होती. ती गेली म्हटल्यावर आक्का दोन दिवस धड जेवल्या नाहीत. त्यांचं भरलेलं ताट उचलताना मी खूश होते. हो, खूश. दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

राग कशाचा होता? सांगते, पण त्यानं काही कमी होत नाही. आजूबाजूला रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. बोअर कोरडं. टँकरची वाट बघत बायका खाली पार्किंगमध्ये बसायच्या, आणि आक्का त्यांना गोष्ट सांगायच्या. बादल्या बाजूला ठेवून सगळ्या ऐकायच्या. गोष्ट माझ्याच तोंडून ऐकलेली — पण मला तिथं 'ये, बस' म्हणायला कुणी नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस आक्का तिथं सुमनचं मरण सांगत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई मध्येच म्हणाल्या, अहो, मी वाचलीय ती कादंबरी, सुमन कुठं मरते? शेवटी गावी जाऊन दवाखाना काढते की. दोघीतिघी हसल्या. मी उभी होते त्या बाजूला आक्कांनी अंदाजानं तोंड वळवलं.

"मीना, तू तर मेली म्हणून वाचलंस ना?"

एका 'हो'चं काम होतं. तेवढंही — जाऊ द्या.

"मी तसं वाचलंच नाही, आक्का. तुमच्या हल्ली ध्यानात राहत नाही."

अगदी मऊ आवाजात म्हटलं. बायकांना माझीच कीव आली. त्या दिवशी एकीनं माझी बादली वरपर्यंत आणून दिली.

आक्कांनी परत गोष्ट सांगितली नाही. वाचनही बंद करायला लावलं — डोक्यात राहत नाही तर उगी तुझा घसा कशाला, म्हणाल्या. हे घाबरले, डॉक्टरकडे नेलं, स्मरणशक्तीची गोळी सुरू झाली. ती गोळी मी रोज वेळेवर द्यायचे.

मग सकाळी गॅलरीत बसून आक्का स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागल्या. बोटांवर मोजत पाढे म्हणायच्या. एकदा एकोणतीसचा म्हणाल्या — एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी — हळूहळू, थेट दोनशे नव्वदपर्यंत. मी शेजारी मेथी निवडत होते आणि मनात प्रत्येक आकडा ताडून बघत होते.

"चुकलं का गं कुठं?" त्यांनी विचारलं.

"एके ठिकाणी," मी म्हटलं.

कुठं, ते त्यांनी विचारलं नाही. पुन्हा पाढा म्हटला नाही. त्यानंतर आठ महिने होत्या. आज वार कोणता, मी जेवले का, हेसुद्धा मला विचारून घ्यायच्या, आणि मी सांगेन ते मान्य करायच्या.

पाढा सगळा बरोबर होता.