कोहळ्याखालची पदवी

माझा मूर्खपणा आधी सांगून टाकते. आयुधपूजेच्या दिवशी मी माझं बी.ए.चं सर्टिफिकेट मेटगळ्ळीच्या कारखान्यात पूजेला मांडलं.

हसा. मीही हसले होते.

चोविसाव्या वर्षी माणूस किती बावळट असतो, ते मला बघून कळावं. दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी आणि हातात खाकी कापडाची पिशवी. पिशवी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शिवलेली. नजरबादला त्यांचं शिवणकामाचं दुकान. पोलिसांचे, शिपायांचे युनिफॉर्म शिवायचे. उरलेल्या तुकड्यातून त्यांनी माझ्या पदवीला अंगरखा शिवला, आत मऊ अस्तर लावून. आमच्या सगळ्या गोतात कॉलेज बघितलेली मी पहिली. इतिहास, अर्थशास्त्र, कन्नड.

आमच्या म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो तो आपलं हत्यार पुजतो. बसवाला बस पुजतो, न्हावी वस्तरा. अण्णांनी सकाळीच कात्री आणि मशीन धुऊनपुसून, हळदकुंकू लावून मांडलं होतं. मी कारखान्यात निघाले तर म्हणाले, “तुझं आयुध तू ने.” आणि पिशवी हातात दिली.

कारखान्यात मी ऑफिसात क्लार्क होते. पत्रं, रिपोर्ट, मिनिट्स. इंजिनिअर लोक आकडे द्यायचे, वाक्यं मी करायची, सह्या त्यांच्या. यंत्र कळणारा माणूस मोठाच, त्यात वाद नाही. लेथ बंद पडलं की मी हात बांधून उभी राहायची आणि ते वाकून, आवाज ऐकून सांगायचे कुठं काय झालंय. मला त्याचं फार कौतुक. पण तेच लोक माझ्या टेबलाशी येऊन डोकं खाजवत उभे राहायचे, तेव्हा कुणाला कौतुक वाटायचं नाही. त्यांचं कॅन्टीन वेगळं, खुर्च्यांचं. आमचं बाकांचं. मला वाटायचं, असंच असतं.

त्या दिवशी मशीन शॉपमध्ये सगळ्यांनी आपापलं मांडलं होतं. फिटरचे पाने, ड्रॉइंगवाल्यांची कंपासपेटी, टायपिस्टचा टाइपरायटर. टाइपरायटरच्या शेजारी मी हळूच माझा कागद ठेवला. वर एक शेवंतीचं फूल.

मॅनेजरसाहेब आले. परदेशात शिकून आलेले, मोठ्या घरचे. त्यांनी भाषण वाचलं. श्रमाची प्रतिष्ठा, ज्ञानाची पूजा वगैरे. सुरेख भाषण होतं. असणारच, आदल्या दिवशी मीच लिहिलेलं.

मग आरतीला फिरता फिरता माझ्या कागदापाशी थांबले.

“एनम्मा, इदु याव मशीनु?”

हे कुठलं मशीन, असं विचारलं त्यांनी. सगळे हसले. मी म्हटलं, “सर, माझी पदवी.” खरंच म्हटलं. अगदी सरळपणे. त्यांनी कागद दोन बोटांनी उचलला. शेवंती खाली पडली.

“तुझ्या बापाची कात्री तरी आणायचीस. ती कापते तरी.”

कन्नडमध्येच म्हणाले, सगळ्यांना कळेल असं. माझे वडील शिंपी आहेत हे त्यांना कुठून कळलं? त्यांचे कोट अण्णाच ढिले-घट्ट करून देत होते.

तेवढ्यात दारात कोहळा फोडायची वेळ झाली. आमच्याकडं कोहळ्याला भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरतात आणि उंबऱ्याशी फोडतात. नजर लागू नये म्हणून. फरशी नवीन होती, फिकट राखाडी रंग दिलेली, चकचकीत. साहेब म्हणाले, “खाली काहीतरी घाला, डाग पडेल.” आणि हातातला कागद फोरमनकडं दिला.

फोरमननं माझ्याकडं एकदा बघितलं. मग घातला.

कोहळा फुटला. कागदाखालची फरशी स्वच्छ राहिली.

आणि मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसावं, म्हणजे लागत नाही, असं मला वाटलं. चुरमुरे वाटत होते, तेही घेतले. खाल्ले. इतिहासात पदवी घेतलेली बाई मी. कोण कुणाला कुठं बसवतो, कुणाच्या घामावर कुणाचं नाव लागतं, तोच तर माझा विषय. परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. समोर घडलं तेव्हा ओळखू आलं नाही.

कागद पुसून पिशवीत घातला. घरी अण्णांनी विचारलं, “मांडलंस?”

“मांडलं. सगळ्यांनी नमस्कार केला.”

ते तेवढ्यावर खूश होऊन गेले.

त्यानंतर मी अठ्ठावीस वर्षं तिथं वाक्यं केली. आणि ठरवलं, आपल्या घरात बी.ए. ‘बेड’, म्हणजे नकोच. मुलाला इंजिनिअर केलं. अण्णा गेल्यावर तर मी तो किस्साच करून टाकला. दर दसऱ्याला पाहुणे आले की मला फर्माईश व्हायची. मी साहेबांची नक्कल करायची, दोन बोटांनी कागद उचलायची, “इदु याव मशीनु” म्हटलं की घर हसून लोळायचं. मुलगा तर डोळे पुसायचा. त्याच्या लहानपणाची गोष्टच ती.

आता नात बारावी झालीय. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत रँक चांगली आलीय. तिला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय.

परवा संध्याकाळी मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. इंजिनिअरिंगच्या जागांसाठी कॉलेजं आणि ब्रँचेस क्रमानं भरायच्या असतात, त्याची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. त्यानं पहिल्या नंबरला एआय टाकलं, दुसऱ्याला डेटा सायन्स. पोर समोर बसून नुसती बघत होती.

“पप्पा, मला नकोय ते.”

“बी.ए. म्हणजे सुम्ने, उगाच वेळ घालवणं आहे गं. मी पंचवीस वर्षं इंजिनिअरिंगवरच हे घर चालवतोय.” खोटं नव्हतं ते. मग तो माझ्याकडं वळला, हसतच. “आई, तूच सांग हिला. कोहळ्याची गोष्ट सांग. बी.ए. करून तुला काय मिळालं?”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. फोरमननं बघितलं होतं तसं.

माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर तो मॅनेजर बसला होता. मीच वाढवलेला. दर दसऱ्याला एकेक घास भरवून.

मी दमलेय हो. सत्तरी उलटून गेली, हसवायचा कंटाळा आलाय. म्हटलं, सांगते. आणि सांगितली. नक्कल न करता. पिशवीच्या अस्तरापासून, भाषण कुणी लिहिलं तिथपासून, अण्णांना काय खोटं सांगितलं तिथपर्यंत. कुणी हसलं नाही.

मुलगा म्हणाला, “आई, तू तर हसत सांगायचीस.”

“हसायला नको होतं. तिथंही आणि इथंही. बी.ए. करून काही मिळत नाही, असं आता हिला मी सांगणार नाही. तूही माझ्या नावानं सांगायचं नाहीस.”

“आणि उद्या हिला नोकरी नाही मिळाली तर?”

“नाही मिळाली तर नाही मिळाली. पण फरशी जपायला तिचा कागद मी देणार नाही.”

तो लॅपटॉप तिच्यापुढं सरकवून बाल्कनीत गेला. रागावलाय. अजून धड बोलत नाही.

मी कपाटातून पिशवी काढली. कागद पिवळा पडलाय. माझ्या नावावरच डाग आहे, आता तपकिरी झालेला. पोरीनं तो दोन्ही हातांनी धरला. तिचं मराठी आमच्यासारखंच, अर्धं कन्नड. ती म्हणाली,

“नोडु, बघ आज्जी, ती लिस्ट मी नाही भरणार. मी बी.ए.लाच जाणार, पुढचं माझं मी बघेन. आणि या आयुधपूजेला पप्पांच्या लॅपटॉपशेजारी हा कागद मी मांडणार, डागासकट. कुणी हसलं तर हसू दे. तू हसायचं नाहीस.”