साहेबाचे ठोके

ताईंना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे स्वतःचा आवाज. गाण्याबिण्याचा नव्हे. गाण्याच्या नावाने सगळी बोंबच होती. अभिमान होता तो फोनवरच्या आवाजाचा. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. पाणी आलं नाही, गढूळ आलं, नळात यायचं ते जिन्यात आलं. लोक शिव्यांनी सुरुवात करायचे आणि पाच मिनिटांनी "बरं बाई, बघा तुम्ही" म्हणत फोन ठेवायचे. एकाने तर इंजिनियरचे पाय मोडीन म्हणून फोन केला होता, आणि ठेवताना मुलीचा निकाल सांगून ठेवला. खात्यात त्यांना सगळे तक्रारताई म्हणत. निवृत्तीनंतर 'तक्रार' गळून पडली, ताई राहिल्या.

घरात आता तिघं होती. ताई, त्यांची धाकटी बहीण आणि साहेब. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरभर त्याचा पुरावा सोडायची. साहेब म्हणजे कुत्रा. तपकिरी रंगाचा, मध्यम उंचीचा, एक कान उभा तर एक पडलेला. चार वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा "आठ दिवस सांभाळता का" म्हणून त्याला ठेवून गेलं. ते आठ दिवस अजून संपले नव्हते. नाव धाकटीने ठेवलं. "कामाला हात लावायचा नाही, कोणी आलं की कपाटामागे जायचं आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर," ती म्हणाली. "ताई, हा तुझा साहेबच आहे."

साहेब घाबरट होता. प्लॅस्टिकची पिशवी, उघडलेली छत्री, दारावरची बेल, बूट घातलेला कुठलाही माणूस, कशालाही तो घाबरायचा. पण गेल्या महिन्यात त्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली. खाताना तोंडातला घास खाली पडायला लागला. मग तो वाटीपाशी नुसता बसून राहू लागला, आणि ताईंची झोप उडाली.

चौकातल्या डॉक्टरांनी लांबूनच निदान केलं. "दाढ सडलीय. काढावी लागेल."

"मग काढा."

"भूल द्यावी लागेल. वय दहा तरी असेल. आधी हृदय ऐकायला हवं."

"मग ऐका."

"हाच तर प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले. साहेब तेव्हा वजनकाट्याच्या मागे होता आणि काटा त्याच्या थरथरण्याने वर-खाली होत होता. दोघांनी धरून पाहिलं. तो इतका धापा टाकत होता की स्टेथोस्कोपमधून फक्त धापच ऐकू येई. "एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "एक मिनिट शांत राहिला तर मला ठोके कळतील. त्याशिवाय मी भूल देणार नाही. टेबलावर काही झालं तर तुम्हीही विचाराल आणि मीही स्वतःला विचारीन."

म्हणजे सगळं एका मिनिटावर अडलं होतं. आणि सूज वाढत होती.

ताईंनी घरी येऊन वही काढली. एकतीस वर्षांची सवय; माणूस कसा आहे हे त्यांना आवाजावरून कळतं, अशी त्यांची खात्री होती. शहरातल्या अकरा जनावरांच्या डॉक्टरांचे नंबर मिळवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं.

"नमस्कार. माझा कुत्रा फार घाबरतो, अंगाला हात लावू देत नाही. आणू का?"

"आणा, बघू." आणि फोन बंद.

"मुसकं बांधून आणा."

"चावतो का?"

"अजून तरी नाही."

"मग कसला घाबरतो. लाडावलाय."

धाकटी बाजूला बसून रंग कालवत होती. "तू कुत्र्यासाठी डॉक्टर शोधतेयस की जावई?"

"गप्प बस. सातवा लागतोय."

सातव्याने मात्र ताईंना जिंकलं. आवाज अगदी मऊ. "अजिबात काळजी करू नका हं. आमच्याकडे सगळे शांत होतात." ताईंनी वहीत त्याच्यापुढे तीन चांदण्या काढल्या. आठवीने नुसता गोंधळ केला. बाई होती. प्रश्न ऐकून ती काहीच बोलली नाही. ताईंना वाटलं लाइन गेली. मग पलीकडून आवाज आला, "तो झोपतो कुठे?"

"म्हणजे?"

"घरात. झोपायला कुठे जातो?"

डॉक्टरला काय करायचंय कोण कुठे झोपतो, असं म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि तिच्यापुढे 'विक्षिप्त' असं लिहिलं.

तीन चांदण्यांच्या डॉक्टरकडे काय झालं ते थोडक्यात असं. तो खरंच गोड बोलला. साहेबाला बघून "ये राजा" म्हणाला. ताईही बोलत होत्या, "काही होत नाही हं साहेब, सगळं नीट होणार आहे." दोघांचे मऊ आवाज त्या छोट्याशा खोलीत एकमेकांत मिसळले, आणि त्या दोन गोड आवाजांच्या मधोमध साहेबाने फरशीवर मुतून ठेवलं आणि तो औषधांच्या फ्रिजमागे जाऊन अडकला. बाहेर काढायला पाऊण तास गेला. ठोके राहिलेच.

रिक्षात धाकटी म्हणाली, "तुझी चांदण्यांची पद्धत बदलायला हवी."

ताईंचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. त्या आठव्या बाईने असं का विचारलं असेल? चिडण्यासारखं काही नव्हतं, पण प्रश्न पायात घुसलेल्या काट्यासारखा सलत होता. तीन वाजता त्यांनी फोन लावलाच.

"मी सकाळी फोन केला होता. तुम्ही विचारलंत, कुत्रा झोपतो कुठे."

पुन्हा ती शांतता. मग, "हो. तुम्ही उत्तर न देताच ठेवलात."

"कपाट आणि भिंतीच्या मधे. फटीत."

"फट केवढी?"

ताई उठल्या, वितीने मोजून आल्या. "दोन वीत. आता सांगा, कशाला हवं होतं?"

"म्हणजे त्याला टेबलावर घ्यायचं नाही. उद्या दीड वाजता या, तेव्हा कोणी नसतं."

दवाखाना सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे होता, एका जुन्या गॅरेजात. डॉक्टरबाई पंचेचाळिशीची, केस कसेबसे बांधलेले, पायात मोजे. बूट दाराबाहेर. ताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. कागदपत्रांचं लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं. फरशीवर ओरखडे ताजे होते. ताईंनी बोटं लावून पाहिलं. दोन वीत.

साहेब आत शिरला, फट दिसली, आणि स्वतःच्या घरात जावा तसा सरळ तिच्यात जाऊन बसला. फक्त नाक बाहेर.

"वा," धाकटी म्हणाली. "साहेबांना केबिन मिळाली."

डॉक्टरबाई फटीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून. स्टेथोस्कोप बाजूला फरशीवर टाकला आणि कुठलातरी फॉर्म भरायला लागली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ताई खुर्चीच्या कडेवर बसून बघत होत्या. विचारायचं खूप होतं, पण जिथे कोणी काही करत नाही तिथे विचारणार काय? साहेबाने मान पुढे काढली. स्टेथोस्कोप हुंगला. डॉक्टरबाईच्या मोज्याचा वास घेतला आणि तिथेच हनुवटी टेकवली.

आता होणार, असं ताईंना वाटलं, आणि त्या पुढे वाकल्या. "काही होत नाही हं साहेब. सगळं नीट होणार आहे."

साहेब थरथरायला लागला. हनुवटी आत गेली, जीभ बाहेर आली, धाप सुरू.

डॉक्टरबाई वळली. तिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मी हात उचललाच नव्हता."

"तो असाच आहे हो. हात यायच्या आधीच घाबरतो."

"ताई, राग मानू नका. तुम्ही घरी त्याच्याशी असं बोलता?"

"असं म्हणजे?"

"या आवाजात."

ताई हसल्या. "घरी कुठे? घरी मी त्याला ओरडते. सोफ्यावर चढतो मेला."

"मग हा आवाज कधी?"

"असतं ना काही काही. अंघोळ घालताना. नखं कापताना. इंजेक्शनच्या वेळी. त्याला धीर म्हणून..." आणि ताई मधेच थांबल्या.



"एक करून बघू या?" डॉक्टरबाई उठली आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात खिशात घालून. "तो शांत होऊ दे. मग तुम्ही तिथूनच, त्याच्याकडे न बघता, तेच वाक्य म्हणा."

ताईंना लागलं होतं. पण आता त्यांना जाणूनही घ्यायचं होतं, आणि ते लागण्यापेक्षा वरचढ होतं. वाट पाहिली. धाप थांबली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्या म्हणाल्या, "काही होत नाही हं. सगळं नीट होणार आहे."

कपाटाचा पत्रा खडखडला. साहेब त्याला टेकून थरथरत होता.

"पुन्हा बघू," ताई म्हणाल्या.

"नको. एकदा पुरे. त्याला त्रास होतो."

"म्हणजे चार वर्षं मी त्याला..."

"खबर देत होतात," डॉक्टरबाई म्हणाली. "अगदी प्रामाणिकपणे, दर वेळी, वाईट गोष्टीच्या आधी. त्याने मेळ घातला. हुशार आहे."

ताई धाकटीकडे वळल्या. धाकटी नजर चुकवत होती.

"तुला माहीत होतं?"

"कुत्र्याचं नव्हतं माहीत."

"मग कोणाचं?"

"माझं." धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईला दवाखान्यात नेलंस तेव्हा तू मला याच आवाजात फोन केला होतास. 'काळजी करू नकोस, सावकाश ये.' मला तेव्हाच कळलं, आई गेली. अजूनही तू अशी बोललीस की मला वाटतं, आता कोण गेलं. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय."

ताईंनी साहेबाकडे पाहिलं. मग त्यांनी डॉक्टरबाईला विचारलं, "मग आता मी काय करू? गप्प बसू?"

"गप्प बसलात तर तो विचारात पडेल. घरी काय करता?"

"सांगितलं ना. ओरडते."

"मग ओरडा. हळू, पण थांबू नका. मला एक मिनिट हवंय."

"परक्या माणसासमोर?"

"मी कानात नळ्या घालणार आहे. मला काही ऐकू येणार नाही."

ताई फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि रोजच्या, जराशा चिडक्या, सकाळी सातच्या आवाजात सुरुवात केली.

"लाज आहे का रे तुला? माझी चप्पल कुठे नेऊन ठेवलीस? एक मिळाली, दुसरी कुठंय? एक निळी आणि एक तपकिरी घालून दूध आणायला गेले मी. वरच्या मजल्यावरची बघून हसली. हसेल नाहीतर काय करेल?"

साहेबाचा पडलेला कान किंचित हलला. हनुवटी पुढे आली. डॉक्टरबाईचा हात फरशीवरून सरकत सरकत त्याच्या छातीशी पोहोचला.

"आणि सोफा. सोफा काय तुझ्या बापाने आणला होता? आणि ही बघ, ही. रंगाचे ब्रश माझ्या चहाच्या कपात बुडवते. काल मी निळा चहा प्याले."

"ताई, ते..."

डॉक्टरबाईने एक बोट वर केलं. धाकटी गप्प झाली. साहेबाने जीभ आत घेतली, तोंड मिटलं. ताईंना विषय सुचेनात. त्यांनी पाण्याच्या टाकीला शिव्या घातल्या, जिन्यातल्या बंद दिव्याला घातल्या, वरच्या मजल्यावरचीच्या झाडांना घातल्या, आणि तरी ते बोट खाली येईना.

"रोज कपाटामागून केस काढते मी तुझे," त्या त्याच त्रासलेल्या सुरात म्हणाल्या. "रोज वाटीभर. कंबर मोडते माझी. तू नसलास तर तिथून काय निघणार? नुसती धूळ. नुसत्या धुळीसाठी मी वाकणार नाही, सांगून ठेवते."

साहेबाने मोठा सुस्कारा सोडला आणि कूस बदलली.

बोट खाली आलं. डॉक्टरबाईने कानातल्या नळ्या काढल्या. तिचे डोळे जरा ओले होते, पण ताईंनी तिकडे पाहिलं नाही. "ठोके नियमित आहेत. थोडीशी खरखर आहे. एक झडप नीट मिटत नाही, या वयात होतं. छातीचा एक एक्स-रे काढू, भुलीचं औषध बेताने देऊ. मंगळवारी दाढ काढता येईल."

"नक्की?"

"नक्की असं मी कधी म्हणत नाही. पण काढीन मी."

धाकटीने डोळे पुसले आणि पर्स शोधायला लागली. ताई मात्र उठल्या नाहीत. त्या स्टेथोस्कोपकडे बघत होत्या.

"मी ऐकू का?"

डॉक्टरबाईने नळ्या त्यांच्या कानात घातल्या आणि टोक नेमक्या जागी धरलं. ताईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू कपाळावर आठी आली. 

"हे जे मधे फुस्स होतं, तेच का?"

"तेच."

"दुखतं त्याला?"

"अजिबात नाही. त्याला माहीतही नाही."

ताईंनी नळ्या काढून परत दिल्या. साहेब त्यांच्याकडे बघत होता, उभा कान उभा, पडलेला पडलेला.

"काय बघतोस?" ताई म्हणाल्या. "ऊठ. मंगळवारी पुन्हा यायचंय."