पंडितांना कुणी टोकत नाही

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या गृहस्थांना बायको थट्टेनं ‘पंडित’ म्हणायची. परमुलखात आल्यावर त्यांनी तिथली भाषा अशी झपाट्यानं उचलली की गिऱ्हाइकं तोंडभरून कौतुक करत. कौतुक अंगी लागलं आणि पंडितांचं शिकणं थांबलं. ‘हनुवटी इथं टेका, वर बघा, आता स्पष्ट दिसतंय?’ एवढ्यावर दिवस निभायचा. अवघड वाक्य समोर आलं, की खड्डा चुकवावा तसं ते चुकवत. नळ फुटला तेव्हा प्लंबरला ‘पाणी, फार पाणी!’ एवढंच सांगून त्यांनी उरलेलं चेहऱ्यावर दाखवलं.

बायको म्हणाली, “अहो, पुन्हा भाषेच्या वर्गाला जा ना.”

“मी? शिकवायला का?”

पुढं दुकानात काचा घासून बसवणारे, तिथलेच एक काका निवृत्त झाले. निरोपाचं भाषण अर्थातच पंडितांकडे आलं. छाती फुगवून ते तिथल्या भाषेत म्हणाले, “काका म्हणजे या धंद्यात मुरलेला माणूस!” मंडळी आधी खुसखुसली, मग खो-खो हसत सुटली. विनोद जमला असं वाटून पंडितांनी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून.

चहाच्या वेळी काकांनी त्यांना बाजूला घेतलं. “अरे, आमच्या भाषेत तू मला मुरलेला नाही, नासलेला म्हणालास. तो शब्द दुधाला लावतात.”

“पण मी तो सगळ्यांना लावतो! मालकांनासुद्धा!”

“माहितीये. आम्ही त्याची वाटच बघायचो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुझं म्हणणं कळत होतं की. कळतंय म्हटल्यावर कोण कशाला टोकेल? शिवाय तू इतका खूश असायचास!”

पंडितांनी घरी येऊन सगळं सांगितलं. हसू दाबायला बायको स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

रविवारी पंडित थेट काकांच्या दारात उभे. “मला टोका.”

घरी बसून कंटाळलेल्या काकांना तेच हवं होतं. त्यांनी अट घातली: चष्म्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शेजाऱ्याशी भांडून दाखव, आजाऱ्याला धीर दे, लहानपणीची फजिती सांग. चूक झाली की तिथंच थांबायचं, वाक्य नीट करून पुन्हा म्हणायचं. पहिल्याच बैठकीत पंडितांना घाम फुटला. आपण इतकी वर्षं फक्त येणारीच वाक्यं बोलत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि फार झोंबलं.

दुकानात ते अडखळू लागले, कारण आता शब्द निवडून बोलत होते. मालकांनी काळजीनं विचारलं, “बरं वाटत नाहीये का? रजा घेता?”

पंडित हटले नाहीत. रविवार सरत गेले. एकदा काकांनी खिडकी लावली, पंडितांनी उघडली. शब्दानं शब्द वाढला. आवाज ऐकून काकू धावत आल्या. “अहो, सराव चाललाय की खरंच भांडताय?”

“खरंच!” दोघं एकदम ओरडले.

काकू खिडकी अर्धी लावून निघून गेल्या. काका घुश्श्यातच खुर्चीत टेकले. मग एकदम सावरून म्हणाले, “अरे, मघाशी तुझं क्रियापद चुकलं. भांडणाच्या नादात टोकायचं राहूनच गेलं.”

पंडितांनी खुर्ची पुढं ओढली. “कुठलं?”